स्पर्धा कोठें असावी, कोठें नसावी?

परीक्षांचे निकाल लागण्याचे दिवस आले, म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रकार हटकून दृष्टीस पडतो. थोरल्या भावाच्या मुलास शेंकडा ९२ गुण मिळतात आणि धाकट्याच्या मुलीस शेंकडा ८४. आणि एवढ्या एका आंकड्याच्या फरकानें, कालपर्यंत एका ताटांत जेवणाऱ्या त्या दोन भावंडांमध्यें एक न दिसणारी भिंत उभी राहते. पेढे वांटले जातात, तोंडें गोड होतात. परंतु धाकट्या सूनबाई स्वयंपाकघरांत जरा अधिकच मुकाट्यानें वावरूं लागतात. कुटुंब चार गांवीं पांगलेलें असलें तरी यांतून सुटका नाहीं. व्हॉट्सॲपच्या कुटुंबगटांत निकालपत्राचें छायाचित्र क्षणार्धांत सर्वत्र पोंचतें, अभिनंदनांची माळ लागते, आणि ही माळ आपल्यासाठीं नाहीं हें त्या मुलीसही तितक्याच त्वरेनें कळतें.

आतां याच घराचें दुसरें चित्र पाहावें. आजोबांस एकाएकीं रुग्णालयांत न्यावें लागतें. कोणी कोणास सांगत नाहीं, तरी रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या लागतात. एक जाऊ डबा करते, दुसरी सर्वांच्या मुलांना शाळेंत पोंचविते. पैसा कोणीं किती दिला याचा हिशेब कोणी काढीत नाहीं. परवां जीं माणसें आठ गुणांवरून मनांत अढी धरून बसलीं होतीं, तींच आज एका जिवानें राबत असतात.

दोन्ही चित्रें खरीं आहेत आणि दोन्हींतील माणसें तींच आहेत. बदललें आहे तें त्यांच्यापुढील कार्य. तेव्हां मनुष्य स्वभावतः स्वार्थी कीं परोपकारी, हा वाद घालण्यांत फारसें हंशील नाहीं. विचार करावयाचा तो असा कीं, चढाओढ आणि सहकार्य या दोन्ही वृत्ति प्रत्येकाच्या ठायीं असतां कोणत्या कार्यास कोणती वृत्ति लावावी, आणि ही निवड खरोखर कोणाच्या हातीं असते. हा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पर्धेविषयीं दोन टोंकांचीं मतें नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, जग हें रणांगण आहे. मुलास लहानपणापासून शर्यतींत उतरविलें नाहीं तर तो पुढें चिरडला जाईल. हा पक्ष डार्विनची साक्ष काढतो. डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ इ. स. १८५९ मध्यें प्रसिद्ध झाला आणि जीवनकलहाची कल्पना त्यानंतर सर्वतोमुखीं झाली. परंतु तरुणपणीं सैबेरियाच्या गारठलेल्या प्रदेशांत हिंडून तेथील प्राणिसृष्टि पाहिलेल्या क्रोपोट्किन या रशियन विद्वानानें इ. स. १९०२ मध्यें परस्पर साहाय्यावर ग्रंथ लिहिला आणि असें प्रतिपादन केलें कीं, जेथें निसर्ग कठोर, तेथें आपसांत झगडणाऱ्यांपेक्षां एकमेकांस धरून राहणारे प्राणीच अधिक तगतात. यावरून दुसरा पक्ष स्पर्धा समूळ वाईट ठरवूं पाहतो. शाळेंतील क्रमांक काढून टाका, बक्षिसें बंद करा, म्हणजे सर्व सुरळीत होईल, असें त्यास वाटतें. आमच्या मतें दोन्ही पक्षांस अर्धेंच सत्य गवसलें आहे. ज्या मुलानें कधीं कोणाशीं चुरस केली नाहीं, त्यास आपल्या अंगांत किती बळ आहे हें कळावयाचें राहून जातें; आणि ज्यानें चुरशीपलीकडे कांहींच केलें नाहीं, त्यास त्या बळाचें काय करावें हें कळत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं मनुष्याचे सहा शत्रु मोजले, त्यांत मत्सराची गणना केली. स्पर्धेची केली नाहीं. हा भेद मोठा मार्मिक आहे. स्पर्धा करणारा पुढच्याकडे पाहून आपला वेग वाढवितो. मत्सर करणारा पुढच्याचा पाय कसा अडेल तें पाहतो. पहिल्यास आपलें वर जाणें हवें असतें. दुसऱ्यास दुसऱ्याचें खालीं येणें पुरतें. आपल्या भाषेंतही सामना चुरशीचा झाला असें म्हटलें, तर ऐकणारास आनंदच वाटतो. तेव्हां खरा प्रश्न हा कीं, निकोप चुरशीचा मत्सर केव्हां आणि कशामुळें होतो?

छावणींतील दोन गट

या प्रश्नावर प्रकाश पाडणारा एक प्रयोग अमेरिकेंत झाला. मुझफर शेरीफ हे तुर्कस्तानांत जन्मलेले आणि पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनीं इ. स. १९५४ च्या उन्हाळ्यांत ओक्लाहोमा राज्यांतील रॉबर्स केव्ह या वनोद्यानांत सुमारें अकरा वर्षांच्या २२ मुलांची छावणी भरविली. मुलें सर्व सुस्थित घरांतलीं, प्रकृतीनें धडधाकट आणि एकमेकांस पूर्वीं न ओळखणारीं अशीं मुद्दाम निवडलीं होतीं. त्यांचे दोन गट पाडले आणि पहिला आठवडाभर एका गटास दुसऱ्याची चाहूलही लागूं दिली नाहीं. प्रत्येक गटानें आपापलें नांव घेतलें, झेंडा केला, आपापसांत गट्टी जमविली. मग दोघांस समोरासमोर आणून सामने लावले. नियम असा कीं, जिंकेल त्या गटास चषक, पदकें आणि प्रत्येक गड्यास एकेक चाकू. हरेल त्यास कांहींच नाहीं.

परिणाम व्हावयास फार दिवस लागले नाहींत. नांवें ठेवणें सुरू झालें, मग एका गटानें दुसऱ्याचा झेंडा जाळला, मग एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडूं लागल्या. सद्वर्तनी घरांतलीं हीं मुलें थोड्याच दिवसांत एकमेकांचें तोंड पाहावयास तयार नव्हतीं. आयोजकांनीं दोन्ही गटांस एकत्र जेवावयास बसविलें, एकत्र चित्रपट दाखविला. पण पंगतींत अन्नाची फेंकाफेंक होण्यापलीकडे त्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. केवळ शेजारीं शेजारीं बसल्यानें मनें जुळत नाहींत, हें येथें चांगलें दिसून आलें.

मनें जुळलीं तीं निराळ्या उपायानें. छावणीचें पाणी एकाएकीं बंद झालें आणि टांकीपासून नळ कोठें तुंबला आहे हें शोधावयास सर्वांस निघावें लागलें. चित्रपट आणावयाचा तर एका गटाची वर्गणी पुरेना. दोघांनीं मिळून ती भरली. अन्न आणणारी मालमोटार बंद पडली, तेव्हां दोन्ही गटांनीं मिळून ती दोरानें ओढली. आणि तो दोर कोणता, तर ज्याच्या दोन टोंकांस धरून ते पूर्वीं एकमेकांविरुद्ध ओढाओढ करीत होते तोच. अशीं पांचसहा कामें झाल्यावर वैर निवळत गेलें. परततांना सर्व मुलें एकाच गाडींतून आलीं, आणि वाटेंत एका गटानें आपण जिंकलेले पांच डॉलर सर्वांच्या खाण्यापिण्यावर खर्च केले.

या प्रयोगाचा गवगवा पुष्कळ झाला. परंतु त्याच्या आदल्या वर्षीं शेरीफ यांनींच न्यूयॉर्क राज्यांत भरविलेली छावणी फारशी कोणास ठाऊक नव्हती. तिची हकीगत जीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेनें इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत विस्तारानें दिली आहे. इ. स. १९५३ च्या त्या छावणींत मुलांस प्रथम कांहीं दिवस एकत्र राहूं दिलें होतें व त्यांची आपसांत मैत्री झाल्यावर गट पाडले होते. पुढें आयोजकांनीं तंबू पाडण्यासारख्या खोड्या गुपचूप करून दोन गटांत कलागत लावण्याचा यत्न केला; पण मुलें भांडेनात. त्यांनीं एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि हीं कामें मोठ्या माणसांचींच असावींत असा तर्क केला. प्रयोग फसला, तो मोडून टाकावा लागला.

आमच्या मतें यशस्वी प्रयोगापेक्षां हा फसलेला प्रयोगच अधिक बोलका आहे. वैर मुलांच्या रक्तांत नव्हतें. तें बक्षिसाच्या रचनेंत होतें, आणि ती रचना वडील माणसांनीं केलेली होती. जेथें एकास सर्व आणि दुसऱ्यास शून्य असा पण लावला, आणि त्यापूर्वीं आपलेपणाचा पाया घातला नव्हता, तेथें चुरस नासली. जेथें पाया आधीं घातला गेला, तेथें मुद्दाम ओतलेलें विषही बाधलें नाहीं.

हरलेल्याच्या हातीं काय उरतें?

बक्षिसाची रचना निराळी असेल तर काय घडतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत पाहावयास मिळालें. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांत दुष्काळ असा होता कीं, लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच वर्षीं पाणी फाउंडेशन या संस्थेनें 'वॉटर कप' या नांवानें गांवांची स्पर्धा सुरू केली. अमरावती जिल्ह्यांतील वरूड, बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई आणि सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव हे तीन तालुके प्रथम निवडले होते आणि ११६ गांवांनीं त्यांत भाग घेतला. पावसाळ्यापूर्वींच्या ४५ दिवसांत कोणतें गांव आपल्या शिवारांत पाणी जिरविण्याची अधिकांत अधिक सोय करतें, ही कसोटी. कोरेगांव तालुक्यांतील वेळू या गांवानें पहिलें बक्षीस मिळविलें. पुढील वर्षीं ही स्पर्धा ३० तालुक्यांत गेली आणि वर्धा जिल्ह्यांतील काकडदरा हें लहानसें गांव पहिलें आलें, इ. स. २०१८ मध्यें ती ७५ तालुक्यांत पोंचली व माण तालुक्यांतील टाकेवाडी विजयी झाली.

या स्पर्धेची घडण बारकाईनें पाहण्यासारखी आहे. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणावयाचे, ओघळींत दगडांचे बांध घालावयाचे, तर तें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. गांवांत दोन तट असले आणि एकच तट कुदळ घेऊन निघाला, तर गुण पुरे पडत नाहींत. म्हणजे शेजारच्या गांवाशीं चुरस करावयाची तर आधीं आपल्या गांवांतील भावकीचा तंटा गुंडाळून ठेवावा लागतो. गांव करी तें राव न करी, ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों. येथें तिला गुणांकन लाभलें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, पहिला क्रमांक एकाच गांवास मिळाला, तरी हरलेल्या गांवांचे चर कोणीं बुजविले नाहींत. पाऊस पडला तेव्हां त्यांतही पाणी सांचलें. जिंकणारास चषक आणि पाणी, हरणारास नुसतें पाणी; पण ज्यासाठीं धडपड केली तें मुख्य फळ दोघांच्याही पदरांत. पुढें इ. स. २०२२ पासून याच संस्थेनें शेतकऱ्यांच्या गटांची स्पर्धा सुरू केली, तिचेंही सूत्र हेंच आहे कीं, एकट्या शेतकऱ्यास तींत उतरतां येत नाहीं. गट करूनच यावें लागतें.

हेंच तत्त्व आमच्या भगिनींस अधिक परिचयाच्या एका उद्योगांत निराळ्या रीतीनें दिसतें. इ. स. १९५९ च्या मार्चमध्यें मुंबईस गिरगांवांत सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला; त्यांतूनच लिज्जत पापडाची प्रचंड संस्था उभी राहिली. तेथें पीठ एकत्र मळलें जातें, लाटणारी भगिनी तें घरीं नेते आणि जितके शेर लाटील तितकी मजुरी घेते. अधिक कष्टणारीस अधिक मिळतें, म्हणून उत्साहास वाव आहे. परंतु पापड वाईट निघाला तर बट्टा सर्वांच्या एकाच नांवास लागतो, म्हणून शेजारणीचा पापडही चांगला व्हावा हा प्रत्येकीचा स्वार्थ आहे. बाजारांत दुसऱ्या मालाशीं टक्कर, हातांच्या वेगांत आपसांत चुरस, आणि नांवाच्या बाबतींत अभेद्य एकी: या तीन गोष्टी तीन निराळ्या जागीं बसविल्या म्हणूनच त्या एकत्र नांदल्या.

दोघांचा डाव

गांवांची आणि संस्थांची गोष्ट झाली. परंतु घरांत आपला व्यवहार बहुधा एकेका माणसाशीं असतो. जावेशीं, भावाशीं, शेजाऱ्याशीं, कचेरींतील सोबत्याशीं. तेथें कसें वागावें? अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञानें इ. स. १९८० च्या सुमारास यासाठीं संगणकावर एक सामना लावला होता. डाव साधा. दोन खेळाडूंनीं प्रत्येक खेपेस साथ द्यावी किंवा दगा द्यावा. दोघांनीं साथ दिली तर प्रत्येकीं तीन गुण. दोघांनींही दगा दिला तर प्रत्येकीं एक. एकानें साथ दिली व दुसऱ्यानें दगा, तर दगेबाजास पांच आणि भोळ्यास शून्य. असे २०० डाव एकाच प्रतिपक्षाशीं खेळावयाचे. निरनिराळ्या शास्त्रांतील जाणत्यांनीं १४ युक्त्या पाठविल्या, त्यांत कांहीं फारच कावेबाज होत्या. सर्वांत अधिक गुण मिळाले ते ॲनाटोल रॅपोपोर्ट यांच्या सर्वांत सोप्या युक्तीस. ती अशी: पहिल्या डावीं साथ द्यावी; पुढें समोरचा मागच्या डावीं जसा वागला तसें वागावें. हा निकाल जाहीर करून ॲक्सेलरॉड यांनीं पुन्हां आवाहन केलें, तेव्हां ६२ युक्त्या आल्या. तरी पुनश्च तीच जिंकली.

या युक्तीची मौज अशी कीं, तिनें एकाही प्रतिपक्षावर मात केलेली नाहीं. तिला ती करतांच येत नाहीं. आपण होऊन ती कधींच दगा देत नाहीं, त्यामुळें कोणत्याही एका लढतींत तिचे गुण समोरच्याच्या बरोबरीचे किंवा किंचित् कमीच असतात. मग ती पहिली कशी आली? कारण ती ज्याच्या ज्याच्याशीं खेळली, त्याला तिनें साथ देण्यास प्रवृत्त केलें आणि दोघांनींही भरपूर मिळविलें. कावेबाज युक्त्या एकेकास हरवीत गेल्या, परंतु एकमेकींशीं गांठ पडतांच दोघीही एकेका गुणावर कुढत राहिल्या. शेजाऱ्यास हरविणें आणि स्वतःचें कल्याण होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें एवढ्या स्पष्ट रीतीनें क्वचितच सिद्ध झालें असेल.

तथापि संसारांत एक अडचण असते, ती संगणकावरील त्या पहिल्या डावांत नव्हती. घरांत ऐकण्यांत चूक होते. थोरलीनें सहज म्हटलें, "यंदा चकल्या जरा मऊ झाल्या," आणि धाकटीनें तो टोमणा मानला. मग पुढच्या सणास तिनें प्रत्युत्तर दिलें, त्यास थोरलीनें प्रत्युत्तर दिलें, आणि मूळ शब्दांत कांहींच नसतां दोघींची बारा वर्षें त्या चकल्यांवरून गेलीं. जशास तसें या नियमांत एकदां गैरसमज शिरला कीं तो आपोआप निघत नाहीं. नोवाक आणि सिग्मुंड या दोन शास्त्रज्ञांनीं इ. स. १९९२ मध्यें हेंच गणितानें दाखविलें. जेथें चुका संभवतात, तेथें समोरच्याच्या आगळिकीकडे मधून मधून कानाडोळा करणारी युक्ति काटेकोर जशास तसें पेक्षां अधिक यशस्वी होते. आपल्या आज्या गणित शिकलेल्या नव्हत्या. पण घरांतलें सगळेंच कानांवर घ्यावयाचें नसतें, असें त्या लेकीसुनांस सांगत, त्यांतला अर्थ हाच. मात्र मधून मधून कानाडोळा करणें निराळें आणि सदैव सोसत राहणें निराळें. ज्या घरांत एकच व्यक्ति, आणि ती बहुधा सून, नित्य सोशीक राहते, तेथें सहकार्य नसतें. तेथें एकाची साथ आणि बाकीच्यांची सोय असते. वारंवार होणारा अन्याय वेळींच, स्पष्ट शब्दांत आणि मनांत डूख न धरतां दाखवून देणें, हेंही त्या जिंकलेल्या युक्तीचें अंगच आहे.

साथ सुटल्यावर

कधीं कधीं मात्र साथ टिकत नाहीं. त्या प्रसंगीं काय करावें, याचा एक थोर धडा पुण्याच्या इतिहासांत आहे. इ. स. १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ मध्यें 'केसरी' आणि 'मराठा', १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज. या कार्यांत टिळक आणि आगरकर खांद्यास खांदा लावून होते. कोल्हापूर प्रकरणांत दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतें फांटलीं. आगरकरांनीं इ. स. १८८७ मध्यें 'केसरी' सोडला व १८८८ मध्यें 'सुधारक' काढला. सोसायटींतही आजीव सभासदांनीं बाहेरचीं कामें व बाहेरची प्राप्ति स्वीकारावी कीं नाहीं यावरून वाद वाढत गेला, आणि इ. स. १८९० मध्यें टिळकांनीं राजीनामा दिला.

या फाटाफुटीची हळहळ आजही वाटते, आणि दोन्ही बाजूंनीं झालेली भाषा पुष्कळदां कडवट होती हेंही नाकारतां येत नाहीं. परंतु तिच्या परिणामांकडे पाहावें. दोघांनीं एकमेकांची संस्था बुडविण्यांत आयुष्य घालविलें नाहीं. आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. टिळकांनीं 'केसरी' वाढविला. आणि महाराष्ट्रांतील वाचकांस आठवड्यागणिक दोन प्रखर बाजू वाचावयास मिळूं लागल्या. त्या चुरशीनें मराठी गद्यास जी धार आली, ती एकाच मताच्या गोड मैत्रींत आली असती असें आम्हांस वाटत नाहीं. इ. स. १८९५ मध्यें, चाळिशी गांठण्यापूर्वींच, आगरकर निवर्तले, तेव्हां 'केसरी'ंतील मृत्युलेख टिळकांनीं लिहिला. साथ सुटली तरी आदर सुटूं नये, आणि विरोध मताशीं असावा, हें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

घरासाठीं कांहीं विचार

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट निघते. स्पर्धा करावी कीं सहकार्य, असा प्रश्न विचारणें चुकीचें आहे. पणास काय लावलें आहे, हें विचारावें. जें दुसऱ्यानें मिळविलें तरी आपलें कमी होत नाहीं, त्यासाठीं खुशाल चुरस असावी: विद्या, आरोग्य, कौशल्य, कष्ट, पाठांतर, पोहणें, सतारीवरील हात. परंतु जें प्रत्येकाच्या हक्काचें आहे, तें कधींही पणास लावूं नये: वडिलांचें प्रेम, आईचा वेळ, पंगतींतील मान, आजारांतील शुश्रूषा. ज्या घरांत अधिक गुण मिळविणाऱ्या मुलाशीं अधिक गोड बोललें जातें, त्या घरानें परीक्षा मुलांची न घेतां आपल्या मायेची घेतली, असें आम्ही समजतों. मुलास क्रमांकाचें दुःख चार दिवसांत विसरतां येतें. आपली किंमत क्रमांकावर ठरते, हें एकदां उमगलें कीं तें विसरतां येत नाहीं. मग तो चुलत बहिणीचा अभ्यास कसा चुकेल याची वाट पाहूं लागला, तर नवल तें काय?

म्हणून घरांतील वडील मंडळींनीं प्रथम आपण पंच आहों हें ओळखावें. "तो बघ, आणि तूं बघ," हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. मुलाची तुलना करावयाचीच तर त्याच्याच गेल्या वर्षाशीं करावी. एकानें गणितांत आणि दुसरीनें भाषेंत प्रावीण्य मिळविलें असेल, तर एकानें दुसरीस शिकविण्याची पाळी लावावी. शिकविणारा शिकणाऱ्याइतकाच शिकतो, हा अनुभव कोणताही शिक्षक सांगेल. आणि घरांत प्रेम वाढावें म्हणून नुसत्या सहली काढण्यापेक्षां, ज्यावांचून खरोखर अडतें असें एखादें काम सर्वांच्या माथीं एकत्र टाकावें. गौरीगणपतीची सर्व तयारी कीं आजीच्या औषधपाण्याचें वेळापत्रक, कोणतेंही चालेल. छावणींतल्या मुलांस एकत्र पाहिलेल्या चित्रपटानें जोडलें नाहीं. तुंबलेल्या नळानें जोडलें.

आणखी एक गोष्ट आपल्या खोखोच्या खेळापासून घेण्यासारखी आहे. या खेळाचे नियम इ. स. १९१४ मध्यें पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधले. त्यांत पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी त्यास मागें वळतां येत नाहीं. बसलेल्या गड्यास योग्य क्षणीं खो देऊन आपण त्याच्या जागीं बसावें लागतें. जो आपणच पकडीन या हट्टानें धांवत राहतो, तो गडी बाद करीत नाहीं. केवळ वेळ दवडतो. संसारांतही कर्तेपणाचा खो वेळेवर द्यावा लागतो. सासूनें सुनेस, वडिलांनीं मुलास, थोरल्यानें धाकट्यास तो दिला नाहीं, तर तेथें पिढ्यापिढ्यांची चढाओढ सुरू होते, आणि तींत जिंकणारा कोणीच नसतो.

शेवटीं सर्वांत कठीण प्रसंगाविषयीं बोललें पाहिजे, तो वांटणीचा. वडिलोपार्जित वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत बांधावयाची ठरली, कीं कोणास किती चौरस फूट यावरून सख्ख्या भावांत वितुष्ट आलेलें आपण भोंवतालीं पाहतों. इ. स. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु वारसा कायद्यांत मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. तरी बहिणीनें तो मागितला कीं तिच्या माहेरपणास ग्रहण लागतें, हेंही आपण पाहतों. या तंट्यांत खोल्यांचा हिशेब वरवरचा असतो. आई शेवटच्या आजारांत कोणाकडे होती, वडिलांनीं कोणाच्या शिक्षणास अधिक खर्च केला, लहानपणीं शाबासकी नेहमीं कोणास मिळाली, हीं जुनीं शल्यें त्या चौरस फुटांचें रूप घेऊन पुढें येतात. जी माया भावंडांत मुळींच पणास लावावयाची नव्हती, ती कोणे काळीं लागली गेली. तिचाच निकाल चाळीस वर्षांनीं दिवाणी न्यायालयाकडून मागितला जातो, आणि तो देण्याचें सामर्थ्य कोणत्याही न्यायाधीशाच्या अंगीं नाहीं. म्हणून वडील माणसांनीं मृत्युपत्र वेळेवर, उघडपणें आणि मुलामुलींस सांगून करावेंच. परंतु त्याच्याही पुष्कळ आधीं, मुलें पांचसात वर्षांचीं असतांनाच, त्यांच्या मायेची वांटणी समान करून ठेवावी. ही वांटणी एकदां नीट झाली, म्हणजे पुढच्या सर्व शर्यतींत मुलें मनमोकळेपणानें धांवतील, आणि हरलेला भाऊ जिंकलेल्या भावाच्या पाठीवर आपण होऊन हात ठेवील.